बाबांच्या मानेबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मानेसाठी वैद्यांकडे जायचं ठरवलंत, आईकडून कळलं. जा, माझी ना नाही. शेक आणि हलक्या हाताने तेल, एवढ्यानेही आखडलेली मान पुष्कळ मोकळी होते. मणक्यांची झीज मात्र तेलाने भरून येत नाही. तसं कुणी सांगितलंच, तर पैसे काढू नका.

बहुधा ग्रीवाबस्ती सुचवतील. पालथं झोपवून मानेवर उडदाच्या पिठाचं गोल आळं करतात आणि त्यात कोमट औषधी तेल ओततात. निवलं की कापसाने टिपून पुन्हा कोमट घालतात. साधारण अर्धा तास. आळ्याची कड नीट बसली नाही तर तेल ओघळून कानामागे येतं. तेव्हा भिडेपोटी गप्प पडून राहू नका. डायबेटिसमुळे चटका तुम्हाला उशिरा कळेल, म्हणून तेल आधी आईने मनगटावर बघावं. ती कडक आहे, वैद्यांनाही ऐकवेल.

रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी न विचारताच दाखवा. गुग्गुळाचं औषध दिलं, तर ते सुरू करण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारायचं. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ हे तुमचं पालुपद इथे नको. भस्माच्या पुड्या कुणाच्या सांगण्यावरून आणू नका, त्यांत पारा-शिसं असू शकतं.

मला खरं खटकलंय ते डाव्या हाताच्या मुंग्यांचं. मानेत नस दबली की असं होतं, म्हणून बस्तीच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, यात घासाघीस नाही. आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळली, हातातला कप निसटला, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल-बिल बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल. आई, बटणांवर लक्ष तुझं. बाबा सांगायचे नाहीत.

मान कडकन वाजवून देणाऱ्याच्या हाती तर मान देऊच नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तिथूनच जातात, त्यांना इजा झाली तर अर्धांगापर्यंत मजल जाते.

दोन उशा घेऊन झोपणं आजपासून बंद. डॉक्टरांची वेळ मिळाली की कळवा, मी रजा टाकून येते.

तुमची,
लेक