विमानातल्या त्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव कळलं नाही. त्या धावपळीत छातीवरची पट्टी कोण वाचतंय? म्हणून हे जाहीर पत्र. दिल्लीहून नवी मुंबईला येताना आमच्या पुढच्या रांगेत एकाची पॉवर बँक धुमसायला लागली, तेव्हा धावून आलेल्या तुम्हीच.

धूर इतका उग्र की घसा धरला. तो मुलगा बॅग घेऊन मागे पळू लागला, तर तुम्ही त्याला ती आहे तिथेच टाकायला लावली आणि भोवतालची माणसं उठवली. तुमच्या सहकाऱ्याने डोक्यावर हूड चढवून अग्निशामक मारला, ज्वाळा विझल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. तुम्ही मात्र बाटलीमागून बाटली पाणी ओततच राहिलात, कोपरापर्यंत बाही भिजली तरी. लिथियमचा एक सेल तापला की शेजारच्यालाही पेटवतो, त्यामुळे वरची आग विझली तरी आतली धग उतरवावीच लागते. कुणीतरी बर्फ पुढे केला, तोही तुम्ही नाकारलात. बर्फाखाली उष्णता कोंडते, हे मला नंतर समजलं.

माझी आई दम्याची. "मास्क का नाही गं पडत?" म्हणून ती कासावीस झाली होती. तुम्ही गुडघ्यावर बसलात, ओला नॅपकिन तिच्या नाकावर धरलात आणि मराठीत म्हणालात, "आजी, त्या मास्कमध्ये केबिनचीच हवा मिसळते, धूर अडत नाही. शिवाय ऑक्सिजनने आग भडकते. खाली वाका, हळू श्वास घ्या." आईचा हात थरथरायचा थांबला तो तेव्हा.

कॅप्टननी वाटेतच विमान उतरवलं. उशीर झाला म्हणून काहीजण कुरकुरले, ते मला अजिबात पटलं नाही. 1998 मध्ये स्विसएअरच्या 111 क्रमांकाच्या विमानात कॉकपिटमध्ये पहिला वास आल्यापासून साधारण वीस मिनिटांत ते समुद्रात कोसळलं, 229 माणसं गेली. धुराचं कारण शोधत आकाशात थांबायचं नसतं. कॅप्टननाही आमचे मनापासून आभार सांगा.

पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकू नका, हाताशी ठेवा, हे मी आता आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत प्रत्येकाला सांगते. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात पेटली, तर तुमच्यासारखं कुणी तिथे पोचणार कसं?

ठाण्याला आलात तर घरी जेवायला या. आईचं आग्रहाचं आमंत्रण आहे.

तुमची ऋणी,
एक प्रवासी, ठाणे