रेडिएटर फॅन बंद, बिल मात्र एसी गॅसचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीचे निदान, अनावश्यक कामांचे बिल आणि हेड गास्केटच्या निराधार शेऱ्याबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी मी वापरतो. आजवरची प्रत्येक सर्व्हिसिंग पुण्यातील आपल्या अधिकृत सेवा केंद्रातच झाली आहे. एप्रिलमध्ये गाडी हीट होऊ लागली. सिंहगड रस्त्यावर सिग्नलला थांबलो की एसीतून गरम हवा येई आणि टेम्परेचरचा काटा वर सरके. कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याच्या दिशेने वेग घेतला की काटा खाली आणि एसी पुन्हा गार. हे सगळे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना जसेच्या तसे सांगितले. जॉब कार्डवर उतरले ते एवढेच: ‘एसी कूलिंग कमी’. काट्याचा उल्लेखच नाही.

मग एसीचा गॅस भरला गेला. नुसता गॅस कमी असता तर इंजिनच्या टेम्परेचरचा काटा वर सरकला नसता. शिवाय एसीची यंत्रणा बंदिस्त असते, तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती हवी. गळती तपासल्याची नोंद जॉब कार्डवरही नाही आणि बिलातही नाही. त्याच बिलात इंजिन फ्लशिंग आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंगही होते. दोन्हींसाठी मला कोणी विचारले नव्हते.

आठवडाभरात गाडी पुन्हा हीट झाली. या वेळी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, आणि हातात ३८ हजारांचे एस्टिमेट पडले: हेड गास्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील), हेडचे मशीनिंग, नवे कूलंट. हेड गास्केट गेले असते तर सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला असता, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली असती, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले असते. निदान कूलंट तरी घटले असते. यांतले एकही लक्षण नव्हते. “मग कशावरून?” असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “सर, गाडी हीट होते म्हणजे बहुतेक तेच असतं.” माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते. तिथे ‘बहुतेक’वर इंजिन उघडायला निघालेल्या माणसाचे काय झाले असते, ते मी इथे लिहीत नाही.

एस्टिमेटवर सही न करता गाडी आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवून एसी लावायला सांगितला आणि नुसते पाहत उभे राहिले. फॅन फिरतच नव्हता. त्यांनी फ्यूज बॉक्समधला फॅनचा रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच, काढून त्या जागी त्याच जातीचा हॉर्नचा रिले बसवला. फॅन लगेच घरघरला. जुना रिले त्यांनी उघडून दाखवला: आतले काँटॅक्ट जळून काळे पडले होते. कॉम्प्युटरला दिसते ती रिलेची कॉइल शाबूत होती, त्यामुळे त्याच्या लेखी सगळे ठीक होते आणि म्हणूनच स्कॅनर गप्प राहिला. नव्या रिलेचे आणि मजुरीचे मिळून चारशे रुपये झाले.

रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) यांना हाच फॅन वारा घालतो. गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरतो, उभी राहिली की फॅनवाचून दोन्ही तापतात. मी सांगितलेल्या लक्षणांत निदान झालेलेच होते, ते फक्त लिहून घ्यायचे होते. गॅस भरताना गेज लावले असेल, तर फॅनअभावी हाय साइडचे, म्हणजे कंडेन्सरकडच्या बाजूचे, प्रेशर चढलेले तिथेच दिसायला हवे होते. आणि आपण दुरुस्त म्हणून परत दिलेली गाडी मी तशीच ट्रॅफिकमध्ये चालवत राहिलो असतो, तर हेड गास्केट खरोखरच गेले असते आणि आपले एस्टिमेट खरे ठरले असते.

एसी गॅस, फ्लशिंग आणि थ्रॉटल बॉडीचे पैसे परत मिळावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या सिस्टीममध्ये माझ्या गाडीच्या नावावर ‘हेड गास्केट बदलण्याचा सल्ला, ग्राहकाचा नकार’ असा शेरा आहे. तो काढावा आणि काढल्याचे लेखी कळवावे. उद्या गाडी विकायची झाली तर गिऱ्हाईक हाच इतिहास पाहणार. ग्राहकाचे म्हणणे जॉब कार्डवर त्याच्याच शब्दांत लिहावे, अशी सूचना त्या केंद्राला दिलीत तर पुढच्या माणसाचेही भले होईल.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथेच दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, तेव्हा मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याचे कारण चालणार नाही.

दोन्ही जॉब कार्डे, बिल, एस्टिमेट आणि गॅरेजची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जळका रिले माझ्याकडे आहे. आपल्या तंत्रज्ञांना तो तपासायचा असेल तर त्यांनी पुण्याला येऊन पाहावा, कुरियरने पाठवणार नाही.

आपला,
(सही)