एका बातमीदार ताईंना जाहीर आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

बातमी लागली त्या सकाळी फोनवर आभार मानले होते, पण तेव्हा तुम्ही पुढच्या बातमीच्या धावपळीत होतात आणि आम्ही हवेत. म्हणून आज नीट, चार लोकांसमक्ष मानतो. तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं ओळखलंय.

आम्ही लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरसाठी रिकाम्या वेळात काम करणारी मंडळी. भाषांतर, चाचणी, नव्या लोकांना मदत, असलं. आमची प्रेसनोट ‘लिबरऑफिस 24.2 प्रकाशित’ अशी सुरू होत होती. तुम्ही विचारलंत, हे 24.2 काय? 2024 सालचा दुसरा महिना, 7.6 नंतर आकडे असे वर्ष-महिन्याप्रमाणे देतात, असं आम्ही सांगितलं. ‘बरं. आणि ज्याला एक अर्ज टाइप करायचाय, त्याला त्याचं काय?’ स्वयंसेवी प्रकल्पांच्या बहुतेक प्रेसनोटा आधीपासून माहीत असलेल्यांसाठीच लिहिलेल्या असतात, हे तुमच्या त्या एका प्रश्नानं दाखवलं.

मग तुम्ही मुळापासून सुरुवात केलीत. हे फुकट कसं? मालक कोण? सन कंपनीनं 2000 साली ओपनऑफिसचा, म्हणजे लिबरऑफिसच्या पूर्वजाचा, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला केला, 2010 मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि त्याच वर्षी 28 सप्टेंबरला समुदायातल्या लोकांनी वेगळी वाट धरून लिबरऑफिस सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेची घोषणा केली, हे सगळं आम्ही उत्साहानं ऐकवलं. तुम्ही त्यातलं ‘कंपनी बदलली तरी कोड लोकांच्या हातात राहिला’ एवढंच घेतलंत. खरं तर पुरेसं होतं.

सगळ्यात मोठे आभार मथळ्याबद्दल. ‘आपल्या तरुणांनी बनवलं सॉफ्टवेअर’ असा मथळा डेस्कवर तयार होता. तो छापून आला असता तर आमच्या घरच्यांनी कात्रणं काढून ठेवली असती, हे कबूल. पण जगभरातल्या असंख्य लोकांचं काम आमच्या नावावर लागलं असतं. तुम्ही रात्री उशिरा फोन करून खात्री केलीत आणि ‘जगाच्या सॉफ्टवेअरला आपले हात’ असा मथळा करून घेतलात. पान लागायच्या वेळेला मथळ्यासाठी भांडणं म्हणजे काय, ते आता थोडंफार कळलंय.

आमच्यातल्या एकानं बोलण्याच्या भरात ‘यात व्हायरसची भीतीच नाही’ असं सांगितलं होतं. तुम्ही ते गाळलंत. योग्यच केलंत, मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम, ज्यांतून व्हायरस शिरू शकतो) इथंही असतात आणि सुरक्षेसाठीचे अपडेट इथंही घ्यावे लागतात. उलट तुम्ही आमच्या गटाबाहेरच्या एका वापरकर्त्याला गाठलंत आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं छापलंत: वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची फाइल उघडली की कधी कधी तक्ते सरकतात. ते वाक्य वाचून आमच्यात बरीच कुरकुर झाली. एवढ्या कष्टानं मिळालेल्या जागेत हे कशाला?

पण त्याच वाक्यानं माणसं आली. ‘माझ्याही फाइलीत असंच होतं’ म्हणत लोक पेन ड्राइव्ह घेऊन आमच्या बैठकीला हजर. त्या फाइलींतला खासगी मजकूर काढून आम्ही त्या बग म्हणून नोंदवल्या. दोष दाखवणारी नमुना फाइल हाताशी असली की डेव्हलपरचं निम्मं काम होतं. ‘सॉफ्टवेअर फारच छान आहे’ या अभिप्रायाचं त्याला काहीच करता येत नाही. बातमीत नुसतं कौतुक असतं तर लोकांनी ते वाचून पान उलटलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ती चौकट! ‘मदत करायला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही’ असं लिहून तुम्ही खाली भाषांतर, मुद्रितशोधन, चाचणी अशी कामं दिलीत, बैठकीची वेळ दिलीत. तेवढ्या चौकटीमुळे निवृत्त मुद्रितशोधक काका आले. मेन्यूमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते ज्या वेगानं टिपतात, तो पाहून आमचे भाषांतरकार जरा धास्तावलेत.

फायरफॉक्स या अशाच खुल्या ब्राउझरची दोन पानी जाहिरात 16 डिसेंबर 2004 रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली होती. पैसे लोकांनी वर्गणी काढून दिले होते आणि सुमारे दहा हजार देणगीदारांची नावं बारीक अक्षरांत छापली होती. आमच्यातल्या काहींना तसलं काहीतरी करायची फार हौस. ‘जाहिरात हवी असेल तर जाहिरात विभाग खालच्या मजल्यावर, बातमी हवी असेल तर बसा,’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा बसलो ते बरं झालं.

त्या दिवशी तुमच्या एका प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं: तुमच्यातले दोघंतिघं नोकरीधंद्याला लागून निघून गेले, तर हे काम कोण बघणार? त्यातले दोघं खरंच गेले. भाषांतराची तपासणी आता काका आणि तुमची बातमी वाचून आलेल्या एक शिक्षिका बघतात. पुढची प्रेसनोटही बाईच लिहिणार आहेत. तुमच्याकडं घेऊन त्याच येतील.

आपला,
भाषांतर गटातला एक स्वयंसेवक