तबकडी बदलताना काटा जपा

माननीय संपादक महोदय,

जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवरील वेगमापकाच्या (स्पीडोमीटरच्या) पिवळ्या पडलेल्या तबकड्या काढून पांढऱ्या किंवा रंगीत तबकड्या घरच्या घरी बसवण्याची हौस इंदूरच्या तरुणांत दिसते. हौसेला माझा विरोध नाही, पण ती मला भोवली आहे.

जुन्या, स्प्रिंगच्या वेगमापकात काटा शून्याजवळच्या खुंटीवर टेकलेला दिसतो, परंतु त्याची मूळ विश्रांतीची जागा बहुधा खुंटीच्याही खाली असते. म्हणून काटा उपसण्यापूर्वी तो अलगद खुंटीवरून उचलून खाली कुठे थांबतो, तेथे चिकटपट्टीवर खूण करावी लागते. मी ती केली नाही. दोन चमच्यांनी काटा उचकटला, नवी तबकडी लावली आणि काटा थेट शून्यावर दाबला. परिणामी एबी रोडवर मोबाईलचे जीपीएस ताशी 50 दाखवत असताना काटा 60 वर होता. (चमच्यांचे ओरखडे नव्या तबकडीवर उमटले, ते वेगळेच, खाली जाड कागद घालायचे सुचले नाही.)

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये वेगमापकासाठी स्वतंत्र नियम, 117 वा, आहे, तेव्हा हा केवळ सजावटीचा विषय नव्हे. तबकड्या विकणाऱ्या दुकानदारांनी पाकिटात गोंद देण्याऐवजी, किंवा निदान गोंदासोबत, खूण करण्याची रीत मराठी-हिंदीत छापून द्यावी, आणि काम झाल्यावर वेग जीपीएसशी ताडून पाहण्यास ग्राहकाला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर