पायवाट आहे तशीच राहू द्या

संपादक महोदय,
मी आठवड्यातून तीनचार दिवस सकाळी येरवड्याच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यातल्या नदीकाठच्या पायवाटेवर पळतो. पळतो म्हणजे काय, अर्धा वेळ दगड चुकवत उड्याच मारतो, कुठे बाभळीचे काटे तर कुठे पुरात वाहून आलेलं प्लास्टिक फांद्यांना लटकलेलं, आणि पावसाळ्यात ती काळी माती बुटाला अशी चिकटते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. मागच्या जुलैत सपशेल आपटलो, गुडघा फुटला. तरी जातो, कारण ट्रेडमिलवर हळदीकुंकू बदक दिसत नाही (नदीचा वास मात्र तिथे येत नाही, हे खरं!).
आता कोणी म्हणतं इथे पण पेव्हर ब्लॉक टाका, लाइट लावा. कशाला? सिमेंटवर गुडघे लवकर बोलायला लागतात, हा माझा स्वतःचा अनुभव, आणि काठ धरून ठेवणारी वाळुंजासारखी झाडं एकदा गेली की माती पुराबरोबर जाणारच ना. करायचंच असेल तर मुळा-मुठेत येणारं सांडपाणी आधी थांबवा, राडारोडा टाकणारे डंपर अडवा आणि गेटजवळ एक कचरापेटी ठेवा. दगडांचं आमचं आम्ही बघून घेऊ.
– एक वाचक, पुणे