मास्तर, जुलैचा हिशेब जमला

आदरणीय मास्तर,
स. न.

पैशांचं नाव काढलं की तुम्ही रागावता आणि तोंडावर आभार मानले की काजूच्या भावाचा विषय काढता. म्हणून हे पत्र चार लोकांच्या देखत लिहिते आहे. आता विषय बदलून दाखवा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या काजूच्या डोंगरावर वीज नाही. शेवटचा खांब ओहोळाच्या अलीकडे, मध्ये वनखात्याची जमीन. घरासाठी चिरे मिळाले, कौलं मिळाली, सुतार तर घरचाच. अडलं ते विजेपाशी. एका विक्रेत्याने जागा न बघता फोनवरच सोलरच्या दहा पॅनेलांचं कोटेशन पाठवलं होतं. मग कोणीतरी तुमचं नाव सुचवलं: आयटीआयमध्ये वायरमन शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण हात लावल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही आलात ते वही घेऊन. छपराकडे मान वर करायच्या आधी ओट्यावर बसलात आणि विचारलंत, "घरात काय काय चालणार?" पंखे किती, फ्रिज केवढा, मिक्सर किती वेळ, टीव्ही कोण बघतं. गीझर म्हटल्यावर चष्म्यावरून नुसतं बघितलंत. न्हाणीत तांब्याचं भाण आहे, डोंगरावर लाकूड पडलेलं आहे, तो विषय तिथेच संपला. साध्या ७५ वॅटच्या पंख्यांच्या जागी तीसेक वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे घ्यायला लावलेत. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप रात्री चालवायचाच नाही, दुपारी उन्हात चालवून वरची टाकी भरून ठेवायची, कारण वर चढवलेलं पाणी म्हणजे साठवलेलं ऊनच. असं करत करत दिवसाचा खर्च साडेतीन युनिटांवर आणलात. सरकारी सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान ग्रिडला, म्हणजे वीजखात्याच्या तारांना, जोडलेल्या घरांसाठी आहे, आपल्याला नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. किती हेलपाटे वाचले!

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते एका वाक्यासाठी. "मे महिन्यात कोणीही सोलर चालवून दाखवील. आपण हिशेब जुलैचा करायचा." उन्हाळ्यात एका किलोवॅटमागे दिवसाला चार-साडेचार युनिट मिळतात. सत्तरीच्या पावसात, ढग चार-चार दिवस हलत नाहीत तेव्हा, एखाद-दीड युनिट मिळालं तरी नशीब. त्यावरून ५४० वॅटची सहा पॅनेलं आणि दहा युनिट साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ठरली. शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या स्वस्त पडल्या असत्या, पण त्या निम्म्याच वापरता येतात आणि त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजत बसावं लागतं, हा तुमचा हिशेब आमच्या ह्यांना पटायला मात्र दोन चहा लागले.

आणि तो फणस! पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा अंशांवर. फणस घराच्या ईशान्येला, म्हणजे पाठीमागे. त्याचा काय संबंध, असं सगळ्यांनाच वाटलं. तुम्ही अंगणात काठी रोवून समजावलंत: गोव्यात मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावरून जातो आणि पुढे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारीसुद्धा उत्तरेला असतो, उगवतो तर सरळ ईशान्येकडे झुकून. म्हणजे पावसात उघडीप मिळालीच, तर सकाळचं मोलाचं ऊन नेमकं फणस खाणार. एका पॅनेलवर सावली पडली तरी साखळीतल्या बाकीच्यांनाही फटका. झाड तोडू दिलं नाहीत, दोन फांद्या उतरवल्यात. फणस अजून लागतात.

फिटिंगला आलेल्या पोराच्या हातात घरगुती एसीचा, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा, एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा ब्रेकर) होता. तुम्ही त्याच्यावर ओरडला नाहीत. बाजूला बसवून सांगितलंत की एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. पॅनेलांकडून येणाऱ्या दीडशे व्होल्ट डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, तो शून्य नाही, ठिणगी तशीच जळत राहते आणि पेटी पेटू शकते. पोरगा स्वतः वाळपईला जाऊन डीसीचा ब्रेकर घेऊन आला.

अर्थिंगचा खड्डा तुम्ही न्हाणीच्या सांडपाण्यापाशी, केळीच्या बुंध्याजवळ खणायला लावलात, कारण जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि वीज जमिनीत उतरतच नाही. मेमधल्या वळवाच्या गडगडाटात मी त्या केळीकडे बघून तुमचं नाव घेते. इन्व्हर्टरच्या भोकांना पालींसाठी बारीक जाळी लावायचंही तुम्हालाच सुचलं.

यंदा चवथीला घर भरलं होतं. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीवर दिवे, दिवसभर खोबरं वाटायला मिक्सर, रात्री आरत्या आणि घुमट-वादन संपेपर्यंत सगळे पंखे. बाहेर पाऊस मी म्हणत होता. दुसऱ्या रात्री बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली गेली तेव्हा आम्ही फक्त फ्रिजमधलं आधी संपवून फ्रिज बंद केला, बस्स. पुण्याच्या नणंदेला आपण ग्रिडशिवाय जेवतोय हे निघताना कळलं. तिच्या सोसायटीत म्हणे त्याच आठवड्यात दोनदा वीज गेली होती. मी काही बोलले नाही, पण बरं वाटलं.

आता कामाचं. ओहोळापलीकडच्या दोन घरांना सोलर बसवायचं आहे. दोघांनीही छपराची मापं घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, मापं राहू देत, आधी घरात काय काय चालतं ते वहीत लिहा, मग मास्तरांकडे जा. रविवारी येतील. आणि त्यांच्याबरोबर भाजलेल्या काजूंची पिशवी पाठवते आहे. ते पैसे नव्हेत, परत पाठवू नका.

आपली,
डोंगरावरची वहिनी