ड्रायव्हरचे डोळे कागदावर नको, खरंच तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्ता सुरक्षा अभियानातल्या नेत्रतपासणी शिबिराची बातमी काल फोटोसकट वाचली. शिबिर चांगलंच, कुणाला चष्मा मिळाला असेल तर आनंदच आहे. पण ज्या कागदावर लायसन रिन्यू होतं त्या फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरच्या सर्टिफिकेटबद्दल बातमीत एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणि ट्रक, बस चालवणाऱ्या सगळ्यांना हा फॉर्म लागतो. 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू किती येतं, हे डॉक्टरने तपासून सही करायची. माझ्या चुलत्यांनी टेम्पोचं लायसन रिन्यू केलं तेव्हा त्यांना डॉक्टरचं तोंडसुद्धा दिसलं नाही. एजंटने फोटो घेतले, पैसे घेतले आणि संध्याकाळी सही-शिक्क्याचा कागद हातात दिला. काकांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता, घरात सगळ्यांना माहीत होतं, पण टेम्पोचे हप्ते चालू होते आणि रात्रीच भाजी घेऊन मार्केटला जावं लागायचं. समोरून लाईट आला की काही दिसत नाही, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर अंदाजाने नेतो, असं ते स्वतः सांगायचे. शेवटी एका रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकले, मांडीचं हाड मोडलं. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता हे खरंय, पण धड डोळे असते तर निदान ब्रेक तरी लागला असता. गुन्हा काकांवर दाखल झाला, फॉर्मवर सही करणाऱ्या डॉक्टरला मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही!!

आता सर्टिफिकेट ऑनलाइन अपलोड होतं, पण अपलोड केल्याने डोळे तपासले जातात का? त्यात मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ट्रक-बसचं लायसन 3 ऐवजी 5 वर्षांनी रिन्यू होतं, पन्नाशीतल्या माणसाच्या डोळ्यांत आणि शुगरमध्ये 5 वर्षांत किती फरक पडतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

आणि ड्रायव्हर आजार लपवतो तो पोटासाठी. तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या रंगांधळ्या ड्रायव्हरला दुसरं काम द्या असं सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये सांगितलं, पण ट्रान्सपोर्टवाल्याकडे रोजावर असलेल्याला कोण दुसरं काम देणार? त्याची काही सोय केल्याशिवाय तो खरं बोलणार नाही.

जाता जाता, हल्ली गाड्यांना जे पांढरेफटक एलईडी बाहेरून बसवून घेतात त्यांच्यावरही कारवाई व्हायला हवी. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही समोरचं दिसत नाही आणि डिपर मारला तरी कुणी लाईट खाली घेत नाही.

तुमच्या वार्ताहराला कृपया एक दिवस आरटीओच्या गेटबाहेर उभं करा. सही करणारे डॉक्टर कुठे बसतात आणि एका माणसाला किती मिनिटं तपासतात, ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक, जि. सातारा